मी टाइप न केलेलं नाव

धान चुरायचं काम चाललं होतं. थ्रेशरच्या तोंडाशी माझी मुलगी पोतं धरून उभी होती आणि तिच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. आमच्याकडे हे दर हंगामात कुणाना कुणाला होतं. मी पदराचं टोक तोंडाच्या वाफेनं गरम करून शेकलं, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला आणि तिला उजेड सहन होईना, म्हणून भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. बुबुळावर जखम आहे, दर दोन तासांनी थेंब टाका, आणि पंधरा दिवस मोबाइल नाही की कॉम्प्युटर नाही, असं त्यांनी सांगितलं. पट्टी एकाच डोळ्यावर होती, पण दुसरा उघडला की दोन्हींतून पाणी यायचं. म्हणून ती दोन्ही डोळ्यांवर ओढणी बांधून बसू लागली.

दवाखान्यात ती रडली नाही. परतीच्या एसटीत बसल्यावर म्हणाली, "माय, शुक्रवारी काम द्यायचं हाय."

तिचं काम मला तोवर नीट माहीत नव्हतं. तुमसरच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकली आणि घरीच बसून एका खेळासाठी लिहायची. या खेळात लोक आपापल्या घरी बसतात, पण पडद्यावरच्या एकाच शहरात फिरतात. कुणी बस चालवतं, कुणी दुकान टाकतं. त्या शहराचा एक मालक असतो. हा मालक दुसऱ्या राज्यातला, फोनवर हिंदीत बोलणारा. त्याच्या शहरात बस होती, ट्रक नव्हता. खाणीवरून दगड भरायचा आणि स्टेशनावर नेऊन ओतायचा, असं ट्रकचं काम त्याला लिहून हवं होतं. ते जमलं तर शहराचं सगळं लिहिणं माझ्या मुलीकडे येणार होतं. नाही जमलं तर त्याच्याकडे दुसरा माणूस तयार होता, हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं.

थोडंसं लिहून झालेलं होतं, बाकी सगळं तिच्या डोक्यात होतं.

"तू सांग, मी लिवते," असं मी म्हटलं. कसं म्हटलं ते मलाच कळलं नाही. मी चार बायांत तोंड उघडत नाही. हळदीकुंकवाला गेले तर दाराजवळची जागा धरते.

ती हसली. "माय, इंग्रजीत असते ते."

"अक्षर अक्षर सांग ना मंग."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती, म्हणजे ती माझ्या वाट्याला आलीच नाही. मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्यासोबत पाटीवर ए, बी, सी, डी गिरवली तेवढीच. मोठी अक्षरं ओळखते. लहानांत बी आणि डी मध्ये अजून घोळ होतो. पण कीबोर्डवर सगळी अक्षरं मोठीच छापलेली असतात, एवढं माझं नशीब.

दिघोरीला माहेरी असताना मी चुलतबहिणीची पत्रं लिहून द्यायची. ती सांगायची, मी लिहायची. हेही तसंच असेल असं मला वाटलं. पण पत्रात एखादा काना राहिला तरी वाचणारा समजून घेतो. इथे तसं नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही चिन्हांची नावं ठरवली. ती हॅश म्हणायची ते चिन्ह मला विणलेल्या खाटेसारखं दिसलं, म्हणून त्याला खाट. वळणदार कंसाला मिशी. खाली पडलेल्या रेघेला धुरा, म्हणजे शेताचा बांध. ओळीच्या शेवटी टिंब आणि त्याखाली स्वल्पविराम यायचा, तो मी सारखी विसरायची.

"माय, टिंब?"

"देल्ला."

"नाही देल्ला. आवाज नाही आला."

डोळे बांधल्यावर तिचे कान तिखट झाले होते. कोणती कळ दाबली ते तिला आवाजावरून कळायचं की ती अंदाज मारायची, मला माहीत नाही. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

माझे मालक, म्हणजे मुलीचे बाबा, खाणीवर टिप्पर चालवतात. पहिल्या पाळीहून दुपारी घरी आले की ते अंगणातूनच आवाज द्यायचे, "अवो साहेबीण, हापिसातून सुट्टी झाली असन तं च्या भेटन का?" मी लॅपटॉप बंद करून उठायची. मुलगी ओरडायची, "बाबा, माह्या माणसाले कामावरून उठवू नका." आणि ते म्हणायचे, "तुह्या माणसाले मी पह्यले कामाले ठेवलं."

खाटेचं चिन्ह असलेल्या ओळी वेगळ्या असतात, हे तिनं मला दुसऱ्या दिवशी समजावलं. या ओळी खेळासाठी नसतात. आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत आणणारा जो असतो, त्याला कंपाइलर म्हणतात. पण त्याच्या आधी एक जण बसलेला असतो. तो सगळ्या ओळी वरून खाली एकदा पाहून घेतो. वर लिहिलं असेल की या शब्दाच्या जागी वीस हा आकडा घाल, तर जिथे जिथे तो शब्द दिसेल तिथे वीस घालतो. या वर लिहिण्याला डिफाइन म्हणायचं आणि त्या शब्दाला मॅक्रो.

मला रोवणीची, म्हणजे भातलावणीची, आठवण झाली. एका पातीत, म्हणजे रांगेत, किती बाया, हे सकाळी धुऱ्यावर एकदा ठरतं. मग दिवसभर फक्त 'पात' म्हणायचं, कुणी पुन्हा मोजत नाही. मी तिला तसं सांगितलं.

"बरोबर. पण बायायले डोकं असते. याले नाही. याले जे देल्लं ते तसंच्या तसं उचलून ठेवते. म्हणून मॅक्रोले दोन्हीकडून कंस लावायचा. नाही लावला तं बाजूच्या आकड्याशी भलतंच जुळवून टाकते."

ट्रकमध्ये किती दगड मावतो, त्याचा मॅक्रो आम्ही त्या दिवशी लिहिला. कंस दोन्ही बाजूंनी लावले. मी दोनदा तपासलं.

कंपाइलरच्या आधी बसलेल्या त्या माणसाचं आणखी एक काम होतं. काही ओळी ठेवायच्या की गाळायच्या, हेही तोच ठरवायचा. खाट-इफ अशी ओळ आली की तो विचारतो, पुढचा शब्द वर कुठे डिफाइन केलेला आहे का? असेल तर पुढच्या ओळी ठेवतो. नसेल तर खाट-एंडिफ येईपर्यंत सगळं सोडून देतो. कंपाइलरला त्या ओळी दिसतही नाहीत.

"म्हंजे पाखडणारीसारखं," मी म्हटलं. "सुपातून काय उडालं ते शिजवणारीले ठाऊक नसते."

"अगदी तसंच." ती खूश झाली. मलाही बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "आता लिव. खाट, इफ, जागा सोड, डिफाइन्ड, जागा सोड, आणि बाबाचं नाव. मोठ्या अक्षरात."

माझा हात थांबला.

"कोणतं नाव?"

"बाबाचं. आनखी कोनाचं? वर मी डिफाइन करून ठेवलं हाय. ट्रकचं सगळं काम त्या एका नावावर चालू-बंद होते. बाबा टिप्पर चालवते ना, म्हणून त्याईचंच ठेवलं. एकदा कंपाइल झालं का ते नाव कोठीच राह्यत नाही. कोनाले दिसत नाही."

आमच्या घरी बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नव्या मुली घेतात, फोनवर तर नावानंच हाका मारतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. मलाही कुणी आता बोलणार नाही. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण माझी जीभ तिकडे वळत नाही. लग्नात नाव घ्यायला लावलं होतं, तेव्हा मी इतकं हळू घेतलं की बाजूच्या करवलीनं ते पुन्हा मोठ्यानं सांगितलं. त्यानंतर नाही. रेशनच्या दुकानात विचारलं की मी कार्ड पुढे करते. सहीत त्यांचं पहिलं अक्षर आणि टिंब, एवढंच काढते. डोळ्याच्या दवाखान्यातही खिडकीतल्या बाईनं "वडिलांचं नाव?" विचारलं तेव्हा मी आधार कार्ड शोधत राहिले, आणि डोळे मिटलेल्या मुलीनंच नाव सांगितलं.

लिहिण्यात बोलणं नाही, हे मला कळत होतं. तरी बोट जाईना. आणि मुलीला हे सांगायची लाज वाटली. ती म्हणाली असती, माय, कोणत्या जमान्यात हायेस.

मी बी ए बी ए असं टाइप केलं. बाबा. घरात बाबा म्हटलं की दुसरा कोण आहे? मला खरंच असं वाटलं, की तिनं वर सांगून ठेवलेलंच आहे म्हणजे मशीनला कळेल. पाच मिनिटांपूर्वी तिनं सांगितलं होतं की त्याला डोकं नसतं, जे दिलं ते तसंच उचलतो. ते मी ऐकलं होतं आणि तरी असं वाटलं.

"लिवलं?"

"हो."

"वाच."

"तू सांगतलं तसंच हाय," मी म्हटलं.

मुलीशी मी कधी खोटं बोलले नव्हते. हेही मला त्या क्षणी खोटं वाटलं नाही.

पुढचे तीन दिवस त्या ओळीच्या खालचं लिहिण्यात गेले. सव्वाशेच्या वर ओळी झाल्या. ट्रक कुठे उभा राहील, दगड भरायला किती वेळ लागेल, वाटेत उलटला तर काय होईल. मध्ये तिच्या डोळ्यांत थेंब, मध्ये भात, मध्ये गुरांचं. गुरुवारी दुपारी मी शेवटची खाट-एंडिफ लिहिली. तिनं कंपाइल करायची कळ सांगितली. मी देवाचं नाव घेऊन ती दाबली.

"किती चुका?" तिनं विचारलं. "वाच, घाबरू नको. पन्नास असन तरी चालन."

मी पडद्याच्या खालच्या चौकटीत पाहिलं. पहिल्या दोन दिवसांत छोटे तुकडे तपासले होते तेव्हा तिथे लाल ओळी यायच्या, प्रत्येकीत ओळीचा नंबर आणि एरर हा शब्द. तो शब्द मी चित्रासारखा ओळखायला लागले होते. आता तो नव्हता.

"एकही नाही."

"एकही नाही? नीट पाह्य."

"नाही म्हणते ना. एरर नाही. खाली डन लिवलं हाय."

तिनं टाळ्या वाजवल्या. वडील आल्यावर त्यांना दारातच सांगितलं, "बाबा, मायनं सव्वाशे ओळी लिवल्या, एक चूक नाही. माह्या कॉलेजात सरायच्यानं होत नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चवथीत पह्यला नंबर होता तिचा. मले लग्नात तिच्या बापानं सांगतलं होतं. मले वाटलं, असंच सांगून राह्यला."

त्या दिवशी मी भाकरी थापतानाही ताठ उभी होते. खेळ चालवून पाहायचा राहिला होता. मुलीला बघता येत नव्हतं आणि माझ्याच्यानं त्या खेळातला माणूस नीट चालवला जात नव्हता, मी त्याला दोनदा तलावात पाडलं होतं. चुका नाहीत म्हणजे चालेलच, असं धरून तिनं फाइल पाठवायला सांगितली. मी पाठवली.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला शहराच्या मालकाचा फोन आला. मुलीनं आवाज मोठा करून ठेवला होता, मी ताक घुसळत होते.

"दीदी, ये आपने क्या भेजा है? ट्रक तो है ही नहीं."

"है ना भैया. खदान के गेट के पास खड़ा है."

"गेट के पास कुछ नहीं है. सब पुराना ही है. बस चल रही है, दुकान चल रही है. आपने नया कुछ डाला भी है?"

"डाला है. मैंने..." तिला पुढे बोलता येईना. "मुझे शाम तक टाइम दीजिए. ट्रक का काम मैं पूरा दुबारा लिखती हूँ."

"छह बजे तक. उसके बाद मैं दूसरे को दे दूँगा. बुरा मत मानना."

फोन ठेवल्यावर ती ओढणीवरून डोळे दाबायला लागली. मी हात धरला, डोळ्याला दाब चालत नव्हता. ती म्हणाली, "माह्यंच चुकलं असन. डोक्यातल्या डोक्यात लिवलं ना, पाह्यलंच नाही. ट्रक कोठं ठेवायचा तेच चुकलं. आता सगळं पह्यलेपासून." सव्वाशे ओळींना आम्हाला तीन दिवस लागले होते. हातात साडेसात तास होते.

मग ती एकदम ताठ बसली आणि म्हणाली, "माय, एक पाह्य. कंपाइल कर आणि खाली कोड साइज असं लिवलं असन, त्याच्यापुढचा आकडा वाच."

मी वाचला.

"आणि सोमवारी, आपण ट्रकचं सुरू करायच्या आधी, तुले एक आकडा वहीत लिवून ठेवाले सांगतला होता. तो पाह्य."

वही काढली. दोन्ही आकडे सारखे होते. शेवटचा अंकही सारखा.

"सव्वाशे ओळी टाकून साइज तेवढीच? होऊच शकत नाही." तिचा आवाज बदलला. "म्हंजे त्या ओळी आतच गेल्या नाही. कोनी तरी गाळून राह्यलं." आणि मग, "म्हणून चुका नाही आल्या. त्यानं वाचलंच नाही तं चुका काढन कोन?"

सुपातून काय उडालं ते मला त्याच क्षणी कळलं. ज्यांचं कौतुक झालं त्या ओळी कंपाइलरनं पाहिल्याच नव्हत्या. टिंब राहिलं की तो ओरडायचा. एवढं सगळं गळून गेलं, तर गप्प.

ती म्हणाली, "वरची इफची ओळ वाच."

ती बघू शकत नव्हती. मला ती ओळ गुपचूप बदलता आली असती. चार अक्षरं खोडायची, बरोबर ती घालायची, आणि म्हणायचं, बरोबरच तर आहे, पुन्हा दाबून पाहते. ट्रक दिसला असता. तिला वाटलं असतं मशीनचंच काही बिघडलं होतं. किंवा आयुष्यभर वाटलं असतं की तिचंच काही चुकलं होतं. हा विचार माझ्या मनात आला आणि थोडा वेळ थांबला, ते मी लपवत नाही. पण ती चूक तिनं स्वतःवर घेतली होती, आणि ती माझ्या बोटाखाली होती.

"त्या ओळीत मी बाबा लिवलं," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"बी ए बी ए. तू नाव सांगतलं होतं. मी नाही लिवलं ते."

ती ओढणी चाचपत माझ्याकडे वळली.

"काहून?"

"मले लिवता नाही आलं."

तिला राग आला. मला वाटलं होतं हसेल. "माय, मी वाच म्हटलं होतं. तू म्हणे तसंच हाय. मी आंधळ्यासारखी बसली हाय अथी, तुह्याच डोळ्यानं पाहून राह्यली. सांगाले काय होत होतं? मी ते नाव बदलवलं असतं. एक ओळ लागते. तुले ट्रक लिवाचं असतं तं ट्रक ठेवलं असतं."

मी म्हटलं, "चुकलं माह्यं."

थोड्या वेळानं तिचा आवाज उतरला. "बरं. आताही होते. वर एक ओळ टाक. खाट, डिफाइन, बाबा. तुले ते नाव लिवाचं काम नाही. त्याले काय, त्याले बाबा कोन हाय ते कळलं म्हंजे झालं."

म्हणजे इतकं सोपं होतं. माझ्यासाठी मशीनलाही वळवता येत होतं. घरातली माणसं माझ्याभोवती अशीच वळत आली आहेत. मी कार्ड पुढे करते, दुसरं कुणी बोलतं. मला बोलायची गरज कधी पडली नाही, आणि मीही ती पडू दिली नाही.

"नाही," मी म्हटलं. "तू लिवलेलं तसंच राहू दे. मी माह्यं बदलवते."

बी ए बी ए खोडलं. वरच्या ओळीत तिनं लिहिलेलं नाव होतं, ते एकेक अक्षर बघत खाली उतरवलं. सात अक्षरं. ती म्हणाली, "आता वाच. मले पाहता येत नाही." मी अक्षरं सुटी सुटी वाचली, मध्ये थांबत. सुटी अक्षरं म्हणजे नाव नव्हे असं मनाला सांगत. तिनं शेवटी "बरोबर" म्हटलं तोवर माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ही हकिकत लिहिते आहे त्या वहीतही मी ते लिहीत नाही. तिथे लिहायची गरज होती.

कळ दाबली. चौकट लाल झाली. सव्वीस चुका.

मी एरर शब्द मोजले आणि आकडा सांगितला. ती म्हणाली, "वा, आल्या." मलाही, का कोण जाणे, बरं वाटलं.

त्या सगळ्या माझ्याच होत्या. टिंब राहिलेली, मिशी उघडून बंद न केलेली, डी च्या जागी बी. एकेक ओळीचा नंबर शोधायला मला वेळ लागत होता. अडीच वाजता माझे मालक पाळीवरून आले तेव्हा बारा चुका उरल्या होत्या. मुलीनं त्यांना झालं ते सांगितलं, नावाचं मात्र सांगितलं नाही. ते डबा ठेवून, बूट न काढताच बाजूला बसले. त्यांना गाड्यांच्या पाट्यांमुळे थोडं इंग्रजी वाचता येतं.

"नंबर मी वाचतो," ते म्हणाले. "तू ओळ शोध."

मी ओळी वर सरकवत होते आणि ती ओळ पडद्यावर आली. त्यांनी बोट ठेवलं. ओठ हलवत वाचलं.

"हे माह्यं नाव हाय."

मी मान खाली घातली. मुलगी म्हणाली, "हो बाबा. मायनं लिवलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या लाल ओळींकडे पाहिलं.

"माह्या नावाखाली इतक्या चुका?"

मुलगी इतकी हसली की मला तिची ओढणी धरावी लागली. मी म्हटलं, "नंबर वाचा जी. टाइम होऊन राह्यला."

साडेचारला शेवटची चूक गेली. मुलीनं आकडा विचारला. तो वाढला होता, चांगलाच वाढला होता. या वेळी तिनं ते तेवढ्यावर सोडलं नाही. तिनं सांगितलं, बाबांनी खेळातला माणूस चालवायचा. त्यांनी त्याला खाणीच्या फाटकापर्यंत नेलं, एकदाही तलावात पाडलं नाही. तिथे ट्रक उभा होता. ते त्यात बसले, दगड भरला आणि म्हणाले, "याचा हौदा लय लहान हाय. इतक्यात कोन दगड नेते?" पण तो चालला. स्टेशनापर्यंत गेला आणि दगड ओतला गेला.

साडेपाचला फाइल पाठवली. पाठवायच्या आधी तिनं शहराच्या मालकाला दोन ओळींचा निरोप द्यायला लावला. चूक तिचीच, असं तिनं सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी टाइप करायचं थांबवलं. "तसं नाही लिवत मी," मी म्हटलं. शेवटी आम्ही एवढंच लिहिलं, की लिहिताना एका ओळीत चूक झाली होती आणि आता ट्रक चालवून पाहिला आहे.

मग तिघं बसून राहिलो. चहा झाला. दिवा लावायची वेळ झाली तरी फोन वाजला नाही. सहाच्या पुढे दहा मिनिटं झाली तेव्हा मी देवापाशी गेले आणि काही मागायचं सुचलं नाही म्हणून परत आले.

साडेसहाला त्याचा आवाजी निरोप आला. मुलीनं तो तीनदा लावला. "ट्रक ठीक है दीदी. मोड़ पर थोड़ा उछलता है, वो देख लेना. सोमवार से बाकी का भी आप ही देखो."

तिनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "सोमवारी माही पट्टी निघत नाही."

"ठाऊक हाय."

"म्हंजे लिवाले तूच."

मी माझ्या मालकांकडे पाहिलं. ते बूट काढत होते.

"पण माय, एक ऐक," ती म्हणाली. "मी वाच म्हटलं का वाचायचं. आणि लिवता नाही आलं तं नाही आलं म्हनायचं."

मी म्हटलं, "नाही आलं तं सांगन."

"आत्ता म्हनून राह्यली. सोमवारी सांगशील?"

"सांगन म्हटलं ना," मी म्हटलं. माझा आवाज मोठा निघाला. बाहेर हात धुवायला गेलेले माझे मालकही थांबून मागे पाहायला लागले.